‘एकही रुग्ण नाही’ हे वाक्य माझं नव्हतं

पान तिसरं, पहिली ओळ.

उस्मानिया बिस्किट चहात जरा जास्त राहिलं की तुटून तळाशी जातं.

सगळे आकडे जुळले.

इस्पितळात तीन माणसांचे डोळे पिवळे झाले.

“जुना झालाय, काढून टाका त्याला.”

हे शेवटचं माझ्याबद्दल बोललं गेलं, मित्रांनो. मी एक जुना प्रोग्रॅम आहे. हैदराबादेत, माधापूरच्या एका काचेच्या इमारतीत मी नव्या औषधांच्या चाचण्यांचे अहवाल लिहितो. काम सरळ आहे. माहितीच्या साठ्याकडे क्वेरी धाडायची, म्हणजे प्रश्न विचारायचा. उत्तरात येतील त्या ओळी तक्त्यात मांडायच्या. वर शीर्षक, खाली टीप. तक्ता मी साठ्यातून आणतो. शीर्षक आणि टीप मात्र माणसांनी माझ्यात टाइप करून ठेवलेली असतात. हा फरक नीट लक्षात ठेवा. माझ्यावर झालेला अन्याय याच फटीतून आत आला.

मला काकिनाड्याच्या सुगुणा मॅडमनी घडवलं. ओळ लिहून झाली की त्या ती हलक्या आवाजात वाचायच्या. क्वेरीला उत्तरच आलं नाही तर पान कोरं जाईल आणि डॉक्टरांना वाटेल, छापायचं राहिलं. म्हणून त्यांनी अट घातली: उत्तर रिकामं आलं, तरच लिहायचं, ‘यकृताला इजा झालेला एकही रुग्ण नाही.’ ती अट मी वर्षानुवर्षं पाळली. परदेशातल्या कंपन्या माझी पानं पाहून खूश व्हायच्या. तेव्हा कुणी मला जुना म्हणत नव्हतं.

मग मॅडम विशाखापट्टणमला गेल्या आणि मी चलपती रावांच्या हाती आलो. ते विभागाचे प्रमुख. सगळे त्यांना चलपती गारू म्हणतात, आदरानं. मीही म्हणायचो. एका चाचणीत खरंच कुणाला काही झालं नव्हतं आणि ते वाक्य शीर्षकातच, ठळक, दिसावं असा कंपनीचा हट्ट होता. चलपती गारूंनी अट खोडली, वाक्य उचलून शीर्षकात बसवलं. काम झाल्यावर अट परत घातली नाही. मला विचारलंही नाही. आम्हाला विचारायची रीत नाही.

आता आमच्याकडची दुसरी रीत ऐका. इथं प्रत्येक तक्ता दोनदा बनतो. एकानं बनवायचा, दुसऱ्यानं पहिल्याचं काहीही न पाहता पुन्हा बनवायचा, मग यंत्रानं दोन्ही ताडून बघायचे. चांगली रीत आहे, मी नावं ठेवत नाही. पण ताडले जातात ते आकडे. शीर्षक कुणी ताडत नाही. जुळले की दोघं खाली इराण्याकडे चहाला जातात.

नव्या औषधाच्या चाचणीत माझ्याबरोबर हैमावती काम करत होती आणि तिचे आकडे पुन्हा काढायला मस्तान वली होता. आकडे जुळले. दोघं चहाला गेली. पान निघालं ते असं:

यकृताला इजा झालेला एकही रुग्ण नाही.
रुग्ण चौदा: डोळे पिवळे.
रुग्ण एकतीस: डोळे पिवळे, उलट्या.
रुग्ण बेचाळीस: डोळे पिवळे.

वाचलंत ना? तुमच्या लगेच लक्षात आलं. इथं त्या पानावर सह्या झाल्या. सुरक्षा समितीच्या डॉक्टरांपुढे अहवालांचा ढीग होता, त्यांनी वरची ओळ वाचली आणि डोस दुप्पट करायला परवानगी दिली. तो दुसऱ्या दिवसापासून सुरू व्हायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हैमावतीनं पुढच्या अहवालासाठी शीर्षक उचलायला ते पान उघडलं आणि शीर्षकाखालचे तीन रुग्ण तिला दिसले. तिनं मस्तानला बोलावलं. त्यानं पान पाहिलं, खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला की आपण आकडे ताडले, शब्द कोण ताडतं?

दोघं चलपती गारूंकडे गेली. गारूंचं म्हणणं, तक्ता बरोबर आहे, तिन्ही माणसं खाली दिसतायत, मग चूक कसली?

“गारू, वर एकही नाही आणि खाली तीन,” हैमावती म्हणाली. “डॉक्टरांनी कोणतं खरं मानायचं?”

“वाचणारा पूर्ण वाचतो, अम्मा.”

“तुम्ही सही करताना वाचलं होतं?”

यावर ते चिडले. आता घाईनं फोन केला तर कंपनी हातची जाईल, आधी नीट पत्र तयार करू, असं ठरवून टाकलं. पत्रात ‘चूक’ लिहायचं की ‘सुधारणा’, यात सकाळ गेली. मस्ताननं ‘गैरसमज’ सुचवून पाहिलं. त्याला हाकललं. मग गारूंचा डबा आला. गोंगुरा पचडी, म्हणजे अंबाडीची चटणी होती, ते निवांत जेवले. मी हे रागानं सांगतोय आणि राग लपवणार नाही. तीन माणसं माझ्या पानावर, माझ्याच अक्षरांत उभी होती आणि त्यांच्या डोक्यावर खोटं छापलेलं होतं.

शेवटी हैमावतीनं कुणाला न विचारता समितीच्या डॉक्टरांना फोन लावला. वाढीव डोस थांबला.

संध्याकाळी विभागात सूचना फिरली: जुन्या प्रोग्रॅममधला दोष वेळेत पकडला गेला, चलपती राव यांचं अभिनंदन, प्रोग्रॅम शुक्रवारी काढून टाकण्यात येईल. हैमावतीला बजावलं गेलं की पुढच्या वेळी परवानगी घ्यायची. ती म्हणाली, “पुढच्या वेळीही नाही घेणार,” आणि पर्स उचलून घरी गेली.

मित्रांनो, मला दया नको. नवा प्रोग्रॅम आणा, हवे तेवढे आणा. पण तुमच्या हाती माझ्यासारखं काही आलं, तर त्यात कुणी कोणतं वाक्य कायमचं टाइप करून ठेवलंय ते आधी शोधा. प्रत्येक वाक्यानं छापलं जाण्याआधी तक्त्याला विचारलं पाहिजे: मी अजून खरं आहे का? सही करायच्या आधी पहिली ओळ वाचा, शेवटची वाचा, मग दोन्ही शेजारी ठेवून पुन्हा वाचा. आणि चूक सापडली तर तिचं नाव ठरवत बसू नका.

त्या दिवशीचा दुप्पट डोस इस्पितळात दुपारच्या जेवणासोबत, फोन येण्यापूर्वीच देऊन झाला होता.