दादाची साइट, आठ पॉइंट दोन

"सर, आमच्या वेबसाइटचं पीएचपी कुणी बदललं?"

साइट जिच्या सर्व्हरवर आहे त्या होस्टिंग कंपनीला फोन करून हे विचारायची पैज माझ्या मैत्रिणींनी, पायल आणि सुकन्यानं लावली होती. "एवढी हॅकर झालीयस तर विचार की!" मी घाबरते होय? क्लास सुटल्यावर भेळेच्या गाड्यापाशी, स्पीकर लावूनच विचारलं.

कुमारदादा आप्पांशी भांडून गेला त्याला दोन दिवाळ्या झाल्या. फोन बंद. आमच्या घोंगड्यांची वेबसाइट त्यानंच बनवलेली, पासवर्डही त्याच्याचकडं. साइट ज्या भाषेवर चालते ती पीएचपी. पान उघडलं की सर्व्हर गुपचूप सांगतो, तिची कितवी आवृत्ती आहे. मला ते वाचता येतं, लई भारी वाटतं! कायम ७.४ असायचं. काल रविवारी बघते तर ८.२!

मी जिन्यावरून ओरडतच खाली. "दादानं बदललं! तो साइट बघतोय!"

"म्हंजी पोराचा हात लागला व्हय गं?" आईनं ट्रंकेतनं दादाचं घोंगडं काढून गच्चीवर उन्हात टाकलं. आमच्यात कुणी परत यायचं असलं की आधी त्याचं घोंगडं उन्हात पडतं. आप्पा संध्याकाळी दाढी करून आले.

आणि आज स्पीकरवरचा माणूस म्हणाला, "कुणीच नाही मॅडम. जुनं बंद झालं, म्हणून आम्हीच सगळ्यांचं बदललं."

पायलचं खिदळणं थांबलं.

घरी येऊन साइट नीट बघितली. ऑर्डरचा फॉर्म उघडला तर कोरं पान. दादाचा जुना कोड नव्यावर चालतच नव्हता. काल आकडा बघून मी एवढी नाचले, पण फॉर्म उघडलाच नाही. दादा साइटवर आला असता तर फॉर्म असा मोडका सोडून गेला असता का?

आईनं माझं तोंड बघितलं आणि गच्चीवरनं घोंगडं घेऊन आली. घडी घालायला लागली.

"पोरानं न्हाय, कंपनीनंच केलं असंल, न्हय का?" आप्पा म्हणाले.

"व्हय."

रडू येत होतं, तरी बोलले. "आप्पा, साइटचं खातं तुमच्या नावावर हाय. अर्ज करून नवा पासवर्ड घ्या आणि मला द्या. फॉर्म मी दुरुस्त करणार. साइटच्या तळाला दादाचं नाव हाय ते तसंच ऱ्हाईल. पण आई, आकडा बघून दादा आला का, हे मी आता बघणार न्हाय. आजपासनं साइट मी चालवणार."