प्लास्टिकखालचे थेंब

लिफ्टमध्ये "दरवाजा बंद होत आहे" असं जो सभ्य माणूस सांगतो, तो मी. आवाज विकून घर चालवतो. शाळेच्या पुस्तकांचे धडे वाचतो, औषधांच्या जाहिराती बोलतो. त्यासाठी घरातल्याच एका खोलीत माईक लावून बसतो. मला लागते ती फक्त शांतता, आणि बाबा आल्यापासून तीच घरातून गेली होती.

बाबा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यावर बायको त्यांना आमच्याकडे घेऊन आली. जन्मभर बस चालवलेला माणूस, त्यामुळे इंजिनाच्या वरताण बोलायची सवय. रेडिओ लावायचे तो गल्लीला ऐकू जायचा. खाकरायचे तेव्हा माझ्या भूगोलाच्या धड्यातली नदी समुद्राला मिळता मिळता अडखळायची. आमच्या खोल्यांच्या मध्ये एकच भिंत. मी दातओठ खाऊन धडा पुन्हा पहिल्यापासून वाचायचो. बोलायची सोय नव्हती. ते मला अहो-जाहो करायचे, मी आलो की खुर्चीतून अर्धे उठायचे. कुणी विचारलं, लेकीकडे कसं चाललंय, तर म्हणायचे, "जावई देवमाणूस आहे." ते ऐकून माझ्या डोक्यात तिडीक जायची.

"तळघर नीट करू या," मी बायकोला म्हणालो. "बाबांना ऐसपैस जागा होईल. खाली हवा तेवढा मोठा रेडिओ लावू देत." ती इतकी खूश झाली की आपण खरंच चांगले आहोत असं मलाही घटकाभर वाटलं.

आता कुणीही विचारेल, शहाण्या, तूच का नाही गेलास खाली? त्याचं उत्तर माझ्या कपाटात आहे. आदल्या वर्षी मी माईक तळघरात नेऊन पाहिला होता. दमट हवेनं त्याला खरखर लागली. तेव्हापासून माझे माईक डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांच्या गादीवर झोपतात. थोडक्यात, तळघर माईकला मानवत नाही हे मला पक्कं माहीत होतं. सासऱ्यांना मानवेल असं मी ठरवून टाकलं.

जुना गालिचा उचलला तेव्हा महिनाभर भिजत पडलेल्या पायपुसण्याचा वास आला. रस्त्याकडच्या भिंतीला खालून लोणा लागला होता. पांढरी पूड बोटाला यायची. ती मी खरवडली आणि वर रंग मारला. जमिनीसाठी लाकडासारख्या दिसणाऱ्या, एकमेकींत अडकवायच्या पट्ट्या आणल्या. दुकानदारानं बजावलं होतं, "आधी कोब्यावर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून ठेवा. दोन दिवसांनी उचला. खाली ओल दिसली तर पट्ट्या टाकू नका, फुगतील. मग बाहेरून भिंतीलगत खणून पाण्याला वाट काढून द्यावी लागेल."

खणणं म्हणजे आणखी कित्येक महिने. तेवढे महिने तो रेडिओ आणि ते खाकरणं.

तरी प्लास्टिक चिकटवलं. दोन दिवसांनी संध्याकाळी, बायको कामावरून आली की ते उचलायचं असं ठरलं होतं. मी दुपारीच खाली गेलो. प्लास्टिकला आतून थेंब लगडले होते आणि खालचा कोबा काळपट पडला होता. नेमके तेव्हाच वर बाबा खाकरले. मी चिकटपट्टी एका बाजूनं सोडवली, रुमालानं थेंब पुसले, कोब्यावर बायकोचा केस वाळवायचा ड्रायर फिरवला आणि पट्टी पुन्हा दाबून बसवली. फार वेळ लागला नाही. असल्या कामांना कधीच लागत नाही.

संध्याकाळी तिच्यासमोर प्लास्टिक उचललं. "कोरडं ठणठणीत!" मी म्हणालो, लिफ्टमधल्याच आवाजात. बाबा जिन्याच्या खालच्या पायरीवर उभे होते.

"वा," ते म्हणाले. "छान झालं."

पट्ट्या बसल्या. बाबांचा पलंग, रेडिओ आणि बुटांची जोडी खाली गेली. वर अशी शांतता पसरली की माझी नदी एका दमात समुद्राला मिळाली. मग पावसाळी हवा सुरू झाली. एकदा जेवताना बाबांनी विचारलं, "तुमच्या त्या माईकच्या पुड्या उरल्यात का हो? बुटांत ठेवीन म्हणतो." मी ओंजळभर दिल्या. ते पुन्हा मागायला आले तेव्हा आणखी दिल्या. उदार झालो होतो ना मी.

रेडिओ ऐकू येत नव्हता, तर म्हटलं, बरं झालं, जमीन जाड आहे. मग एका दुपारी धडा वाचताना हेडफोनमध्ये एक आवाज आला. दबलेला, धपधप असा, पुन्हा पुन्हा. आवाज हा माझा धंदा आहे. तोंडावर उशी दाबून कुणीतरी खोकत होतं.

मी खाली धावलो. बाबा गुडघ्यांवर बसून पट्ट्यांच्या फटींवर वर्तमानपत्रं दाबत होते. कागद काळे होऊन वर येत होते. पट्ट्यांच्या कडा चहात बुडवलेल्या बिस्किटासारख्या फुगल्या होत्या. भिंतीलगत माझ्या पुड्या ओळीनं मांडलेल्या, सगळ्या भिजून लिबलिबीत. रेडिओ पिशवीत गुंडाळून पलंगावर ठेवला होता.

"रेडिओ का बंद?" माझ्या तोंडून मूर्खासारखं तेच निघालं.

"तुमचं काम चालू असतं ना."

"अहो, पण हे सांगितलं का नाहीत?" मी ओरडलोच. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

बाबा धरून धरून उठले आणि पलंगावर टेकले. "त्या दुपारी मी जिन्यावर होतो," ते हळूच म्हणाले. "तुम्हाला चहा विचारायला आलो होतो. तुम्ही पुसत होतात."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"बस चालवताना मागच्यानं हॉर्न मारला तर वाद घालायचा नाही, अशी सवय आहे मला," ते म्हणाले. "त्याला घाई असते. आपण बाजूला घ्यायची. घेतली मी."

"मी आजच हिला सांगतो सगळं."

त्यांनी माझं मनगट धरलं. हात गार होता. "मुळीच नाही. तिला आपण दोघंही हवे आहोत. मी बादली लवंडली असं सांगून ठेवलंय तिला." पुढे बोलायला गेले आणि खोकल्यानं वाकले.

त्यांना डॉक्टरकडे नेलं. छाती भरली होती. आणखी उशीर झाला असता तर दवाखान्यात ठेवावं लागलं असतं. त्यांना वर त्यांच्या खोलीत आणलं. बायको बापावर डाफरली, "बादली सांडलीत ती सांडलीत, वर त्या ओलीत झोपलात? लहान आहात का?" बाबा मान खाली घालून ऐकत राहिले. माझ्या वाट्याची बोलणी ते खात होते, आणि मी समोर बसून जेवत होतो. घास घशाखाली जात होता, याचीच मला लाज वाटत होती.

पट्ट्या मी एकट्यानं उखडल्या. पाणी बाहेरूनही येत असेल, एवढं अर्धं खरं बायकोला सांगितलं आणि भिंतीलगत खणून पाइप घालून घेतला. मग कोब्यावर पुन्हा प्लास्टिक चिकटवलं. या वेळी ते उचलायला आम्ही तिघंही खाली उभे होतो.

"बाबा, तुम्ही उचला," मी म्हणालो.

"मला वाकवत नाही. तुम्हीच बघा आणि सांगा," ते म्हणाले. "तुम्ही म्हणाल ते खरं."

टोमणा असता तर सोसला असता. ते मनापासून म्हणत होते. मी गुडघे टेकले आणि चिकटपट्टी सोडवली. आधीच्यासारखे लगडलेले नव्हते, पण कोपऱ्यात थेंब होतेच. तळव्यानं झाकता आले असते इतकेच.

"काय?" बायकोनं विचारलं.

"ओलं आहे." माझा आवाज फाटला. "मागच्या वेळीही होतं. मी पुसलं होतं."

बाबांनी डोळे मिटून घेतले. बायको माझ्याकडे बघत राहिली, मग तिनं बापाकडे पाहिलं. त्यांना जराही आश्चर्य वाटलेलं नव्हतं, आणि तेवढ्यावरून तिला सगळं कळलं. "म्हणजे बादली..." ती म्हणाली आणि थांबली. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घेतल्या असत्या. पण तिनं बाबांचा हात धरला आणि जिना चढायला लागली.

मी तसाच गुडघ्यांवर होतो. अर्ध्या जिन्यावर बाबा थांबले. तिनं हात ओढला, तरी वळले.

"तुम्हीही वर चला," ते म्हणाले. "ओल आहे तिथं."