ड्रममधली निळी शाल

बायको गेल्यानंतर सात महिने ठोक्यानं ड्रमला हात लावला नव्हता. मागच्या खोलीत जुन्या चादरीखाली सगळा संच पडून होता. तो रोज त्या खोलीत जायचा, खिडकी उघडायचा आणि चादरीकडे न बघता परत यायचा.

अशात लांब्याचा फोन आला. लांब्या म्हणजे त्यांच्या बँडमधला बास गिटारवाला. सहा फूट तीन इंच उंची, आणि जीभ त्याहून लांब. त्यानं सांगितलं की मास्तरांचा स्टुडिओ पाडणार आहेत. मास्तर म्हणजे रेकॉर्डिंग करणारे. शाळेतल्यासारखे ओरडायचे, म्हणून मास्तर. त्यांची इच्छा होती की त्या खोलीतलं शेवटचं रेकॉर्डिंग याच बँडचं व्हावं. गाणारा मित्र कधीच देवाघरी गेला होता. लांब्या म्हणाला, मी गातो की, मग भिंती पाडायला माणसं बोलवावी लागणार नाहीत.

ठोक्या हसला, पण नाही म्हणाला. लांब्यानं दोन दिवस विनवण्या केल्या. शेवटी वैतागून म्हणाला, "तू येऊ नकोस. निदान तुझा बास ड्रम तरी दे. तो धप् आवाज दुसऱ्या कुठल्या ड्रममधून निघत नाही, तुलाही माहीत आहे."

तो आवाज कशामुळे निघतो हेही ठोक्याला माहीत होतं. तेच तर दुखणं होतं.

बेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तिघांनी एका मोटार दुरुस्तीच्या शेडमध्ये, गाड्या बाहेर काढल्यावर, वाजवायला सुरुवात केली होती. काही महिन्यांनी पहिली रेकॉर्ड करायला मास्तरांकडे गेले. सगळं जमलं, पण बास ड्रम घुमत होता. पाय मारला की रिकाम्या पिंपासारखा आवाज. मास्तर काचेमागून ओरडले की आत काहीतरी कोंब, उशी, घोंगडी, काहीही. सगळे ड्रमवाले तेच करतात. पण त्या दिवशी स्टुडिओत उशीही नव्हती आणि घोंगडीही नव्हती. ठोक्याचं लग्न होऊन चार महिने झाले होते. बायको दुपारी डबा घेऊन आली, थोडा वेळ काचेमागे बसली आणि दुकानाची वेळ झाली म्हणून धावतपळत निघाली. ती एका शिवणकामाच्या दुकानात रफूचं काम करायची. जाताना तिची शाल खुर्चीच्या पाठीवर राहिली. निळी, जाड लोकरीची. तिच्या आईनं विणलेली.

ठोक्यानं ती उचलली, चौपदरी घडी घातली आणि ड्रममध्ये पुढच्या कातड्याला टेकवून ठेवली. पाय मारला. धप्. मास्तरांनी काचेमागे टोपी काढली. मास्तरांनी टोपी काढलेली कुणी पाहिली नव्हती. आत टक्कल होतं.

संध्याकाळी बायकोनं विचारलं, शाल तिथे राहिली का रे? हो म्हणायला काय जात होतं? पण रेकॉर्डिंग अजून दोन दिवस चालणार होतं. ती म्हणाली असती, उद्या घेऊन ये, मला थंडी वाजते. तर ठोक्या म्हणाला, नाही गं, दिसली नाही, बसमध्ये राहिली असेल. दोन दिवसांनी सापडली म्हणून देऊ, असा त्याचा हिशोब. दोन दिवसांचे दोन महिने झाले. रेकॉर्ड निघाली, एक गाणं गाजलं, आणि जो तो त्या धप् आवाजाबद्दल विचारू लागला. चांगला वाजणारा ड्रम उघडायचा नाही, हे ड्रमवाल्यांचं व्रत असतं. ठोक्यानं तो पुढून कधीच उघडला नाही. त्याच वर्षी बायकोची आई वारली. ती शाल ही आईच्या हातची एकच वस्तू होती. मग तर सांगायची सोयच उरली नाही. तो मूग गिळून बसला तो बसलाच.

बँड सहा वर्षं चालला. छोट्या गाडीत तिघं आणि ड्रम कोंबून गावोगाव फिरले. गाणाऱ्याला वाटू लागलं की लोक त्यालाच बघायला येतात, लांब्याला वाटू लागलं की गाणारा बेसूर आहे, आणि दोघांचंही खरं होतं. बँड मोडला. ठोक्या मग स्टुडिओत वाजवू लागला. सकाळी दहाला जायचं, कागद समोर ठेवायचा, कानात तालाची टकटक ऐकत दुसऱ्यांची गाणी वाजवायची. साबणाची जाहिरात, लहान मुलांची गाणी, बातम्यांआधीचं संगीत. कुणी म्हणायचं जरा आळसावून वाजव, कुणी म्हणायचं रागानं वाजव. कव्हरवर नाव कधी आलं नाही. पण घरी रेडिओवर काही लागलं की बायको पीठ मळता मळता मान वर करायची. "हा तुझा ड्रम," म्हणायची. "ऊबदार वाजतो." त्याच्या आधी तिला कळायचं.

आणि दर हिवाळ्यात, पहिली थंडी पडली की, ती शालीचा विषय काढायची. "कुणाला सापडली असेल रे? ज्याच्याकडे आहे तो मजेत असेल ना?" ठोक्या पेपरात डोकं घालायचा. मग ती उठून स्वयंपाकघरात जायची आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहायची. पाठमोरी. खांदे हलताना दिसायचे. ठोक्याला वाटायचं, उठावं, सांगून टाकावं. चाळीस-एक्केचाळीस हिवाळे त्याला असं वाटलं. मागचं, पायाचा मार बसतो ते कातडं फाटलं की तो बदलायचा, तेव्हा आत ती निळी घडी दिसायची. तो नजर फिरवून भराभर नवं कातडं चढवायचा.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तो रोज ठरवून जायचा. ती म्हणायची, पाय गार पडलेत, जरा चोळ. तो चोळत बसायचा. सांगायचं राहून गेलं.

तर लांब्यानं ड्रम मागितला तेव्हा ठोक्यानं विचार केला, ड्रम देऊ, पण शाल काढून ठेवू. रविवारी सकाळी त्यानं चादर बाजूला केली, खिळ्यावरची स्क्रू फिरवायची किल्ली घेतली आणि बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा पुढचं कातडं उघडायला बसला. त्यावर बँडचं नाव रंगवलं होतं, अर्धं उडालेलं.

स्क्रू गंजून बसले असतील असं त्याला वाटलं होतं. ते सहज फिरले. कातडं धरून ठेवणारं कडं निघालं तेव्हा लाकडावर, प्रत्येक स्क्रूच्या जागी, पेन्सिलीनं आकडे घातलेले दिसले. एक, दोन, तीन, असे दहापर्यंत. काढलेला स्क्रू परत त्याच जागी जावा म्हणून. सातच्या आकड्याला मधे आडवी रेघ होती. सात असा घरात एकच माणूस काढायचा, आणि तो माणूस दुकानात कापडावर खुणा करतानाही तसाच काढायचा.

ठोक्यानं शाल बाहेर घेतली. तिला कसर लागली होती कधीतरी. समोरच्या बाजूला, अगदी मधोमध, रुपयाएवढं भोक पडलं होतं, आणि ते रफू केलेलं होतं. पोपटी लोकरीनं.

तो खालीच बसून राहिला. त्याची बायको अशी रफू करायची की दुकानाचा मालकसुद्धा भिंग घेऊन शोधायचा आणि हात वर करायचा. घरात निळी लोकर डबाभर असायची. आणि ही पोपटी, अंधारात दिसेल अशी.

ती लोकर त्यानंच आणली होती. लेकीच्या स्वेटरसाठी गडद हिरवी आण म्हणून सांगितलं होतं, त्यानं ही आणली. त्यानं लेकीला फोन लावला. ती दुसऱ्या गावात राहायची, दोन मुलांच्या मागे धावत. त्यानं विचारलं, तुझा तो पोपटी स्वेटर कितवीतला?

"पाचवीतला. विसरेन होय? अख्खा वर्ग पोपट म्हणायचा मला. का हो बाबा?"

पाचवी. म्हणजे तीस वर्षं. त्या वर्षी तो दीड महिना एका गायकाबरोबर दौऱ्यावर होता, तिथे भाड्यानं घेतलेले ड्रम वाजवले होते, स्वतःचे घरीच होते. ड्रमला हवेसाठी असतं त्या भोकातून एखादा निळा धागा डोकावला असेल, किंवा झाडताना कसर उडाली असेल, देव जाणे. परत आल्यावर मास्तर म्हणाले होते, ड्रम जरा वेगळा लागतोय, काय केलंस? तो म्हणाला होता, हवा बदललीय.

त्यानं लेकीला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. शेवटी म्हणाला, "तिला माहीत होतं गं. तरी दर हिवाळ्यात ओट्याशी उभी राहून रडायची."

लेक म्हणाली, "बाबा, रडायची नाही ती. मी ओट्याशेजारी उभी असायचे ना, तोंड दिसायचं मला. तोंडात पदर कोंबून हसायची. मला डोळ्यानं खुणावायची, बोलू नकोस म्हणून. कशाला हसतेस विचारलं तर म्हणायची, तुझ्या बाबांना विचार, सांगतात का बघ."

ठोक्याला हसू आलं, आणि मग ते हसू राहिलं नाही. लेकीनं फोन ठेवला नाही. पलीकडे मुलांचं भांडण चाललं होतं, तेही तिनं चालू दिलं.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मग आता शाल काय करणार? फोटोजवळ ठेवा."

तो म्हणाला, "नको. तिला बाहेर काढायची असती तर तीस वर्षांपूर्वीच काढली असती. रफू करून परत ठेवलीय तिनं."

त्यानं शाल होती तशी चौपदरी घडी करून आत ठेवली. फक्त पोपटी बाजू आता मागे, वाजवणाऱ्याकडे केली. कडं चढवलं, आकडे बघून एकेक स्क्रू त्याच्या जागी फिरवला. मग लांब्याला फोन करून म्हणाला, नुसता ड्रम मिळणार नाही, ड्रमबरोबर मी येतोय. लांब्यानं दोन शिव्या दिल्या, त्याही प्रेमाच्या.

स्टुडिओत निम्म्या खुर्च्या आधीच हलवल्या होत्या. बायको बसायची ती होती. मास्तर ऐंशीला आले होते, टोपी तीच. ठोक्यानं बसून एकदा पाय मारून बघितला. मास्तर काचेमागे पुढे वाकले, बटण दाबलं.

"ड्रम जरा वेगळा लागतोय. काय केलंस?"

"मी काही नाही केलं, मास्तर," ठोक्या म्हणाला. "आत बायकोची शाल आहे. तिनं रफू केलीय."

मास्तरांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि हात वर केला. लांब्यानं घसा खाकरला. ठोक्यानं काठ्या एकमेकींवर चारदा वाजवून मोजून दिलं, आणि पाय खाली आणला.