दोन घास

आईला अर्धांगाचा झटका आला त्याला पाच महिने झाले होते. उजवी बाजू गेली, वाचा गेली, गिळणंही गेलं. नाकातून नळी होती आणि दर तीन तासांनी धाकटी त्या नळीतून पातळ अन्न सोडायची. धाकटी एका लॉन्ड्रीत इस्त्रीच्या कामाला होती. आईसाठी तिने काम अर्ध्या दिवसावर आणलं होतं. दादा दर रविवारी यायचा, नळी बघायचा, चार सूचना द्यायचा आणि जायचा. ‘तोंडाने थेंबही द्यायचा नाही’ हे डॉक्टरांचं बोलणं त्याने कागदावर लिहून पलंगाच्या वर चिकटवलं होतं. जन्मभर सगळ्यांना आग्रह करकरून जेवू घालणाऱ्या बाईच्या डोक्यावर तो कागद!

एका सकाळी आईने डाव्या हाताने वहीत वेडीवाकडी दोन अक्षरं काढली. केक.

“संत्र्याचा?” धाकटीने विचारलं.

आईने डोळे मिटून उघडले. म्हणजे हो.

“अगं, श्वासात गेलं तर जीव जाईल. माहितीय ना तुला?”

आईने त्या शब्दाखाली रेघ ओढली. धडधाकट होती तेव्हाही एकच गोष्ट दोनदा सांगणं तिला आवडायचं नाही.

धाकटीने दादाला फोन केला. तो उसळलाच. “डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तिच्या जिवावर उठू नकोस.”

“मागते आहे ती, दादा.”

“मागू दे. लहान मूल विस्तव मागतं, देतेस का?”

तीन दिवस धाकटीने मन घट्ट केलं. तीन दिवस आई भिंतीकडे तोंड करून पडली. चौथ्या दिवशी कामावरून येताना धाकटीने संत्री आणली.

केक सोपा होता, एका भांड्यात होणारा. ‘हा बिघडवायलाच अक्कल लागते,’ असं आई म्हणायची. धाकटीने चाकाची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात आणली. संत्र्याची साल किसली, आतल्या पांढऱ्याला किसणी लागू न देता, नाहीतर कडू होतो. त्यात साखर, दही, तेल, संत्र्यांचा रस, मग मैदा आणि बेकिंग पावडर. ती जरा जास्तच ढवळायला लागली तशी खुर्चीतून घशातला एक आवाज आला. बस कर, असा. धाकटीला हसूही आलं आणि रडूही.

चाळीस मिनिटांनी केक भाजून झाला, घरभर वास भरला. आईला ताठ बसवून तिने नखाएवढा तुकडा रसात भिजवून जिभेवर ठेवला. आईने तो कितीतरी वेळ घोळवला. गिळला. मग दुसरा. दुसऱ्यानंतर खोकला आला तो पंधरा मिनिटं थांबेना. थांबल्यावर आईने डाव्या हाताने धाकटीचं मनगट धरलं आणि तशीच झोपली.

तिसऱ्या दिवशी ताप भरला. फुप्फुसात संसर्ग. सातव्या दिवशी आई गेली. डॉक्टर म्हणाले, “लाळेनेसुद्धा होतं हे. नक्की कशाने, सांगता येणार नाही.”

हॉस्पिटलच्या जिन्यात दादाने तिला गाठलं. “दिलास ना?”

लाळेचं निमित्त हाताशी होतं. पण तिची जीभ रेटेना. “हो. दोन घास.”

दादा कठड्याला धरून उभा राहिला. “मी आरडाओरडा करणार नाही,” तो म्हणाला, “पण यापुढे तुझ्या हातचं पाणीही मला नको.”

तो शब्दाचा पक्का निघाला. आता दोन वर्षं होतील. वहिनी कधीमधी हळू आवाजात फोन करते, इकडचं तिकडचं बोलून ठेवून देते. आपण बरोबर केलं असं धाकटी अजून एकदाही म्हणालेली नाही. लॉन्ड्रीत कुणी विचारलं तर ‘ताप आला’ एवढंच सांगते. फक्त दादाने एकदा विचारावं असं तिला वाटतं, तोंडात घास असताना आईचा चेहरा कसा होता ते. ते सांगावं असं दुसरं माणूस तिला नाही, आणि तो विचारत नाही.