नाकातले इंजिन उतरले तेव्हा

मित्रांनो, माझ्या दोन्ही पंखांची टोके एकाच वेळी धरायची असतील, तर दोन मोठ्या माणसांना हात पसरून शेजारी शेजारी उभे राहावे लागते. तरीही माझ्यात बसायला कोणालाच जागा नाही. जमिनीवर उभे राहून, हातातल्या रिमोटने मला उडवायचे असते. होय, मी एक जुने पिवळे मॉडेल विमान आहे. कोणी मला खेळणे म्हटले तर मी रागावत नाही. मला एकदा आकाशात पाहिले की तो शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा निघत नाही.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. दिवसभर कपाटे, पलंग, दारे करायची आणि कामगार घरी गेले की खिडकीजवळच्या टेबलावर माझ्या फासळ्या कापायला बसायचे, असा त्यांचा नेम होता. माझे लाकूड इतके मऊ की नखानेही ओरखडा उठावा. मिस्त्री डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवत आणि कुठे केसभर उंचवटा राहिला असेल तर त्यांना बरोबर कळे. मग ते पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन तेवढीच जागा गोंजारल्यासारखी घासत.

त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या बाई, शहरातली बस चालवत. ड्यूटी संपली की गणवेशावरच कारखान्याच्या दारात येऊन उभ्या राहत.

"काय म्हणतोय तुमचा लेक?"

"अजून दात यायचेत," मिस्त्री हसून म्हणत.

दात आले ते पेट्रोलच्या इंजिनाच्या रूपाने. माझ्या नाकात ते बसले आणि पुढचा लाकडी पंखा मिस्त्रींनी हाताने झटका देऊन फिरवला, तेव्हा माझ्या स्वतःच्याच कानठळ्या बसल्या! पण काय ती ताकद! गावाबाहेरच्या मैदानावर, कापलेल्या गवताच्या पट्टीवरून मी धावत सुटलो आणि पट्टी निम्मीही संपली नसेल तोच वर होतो. पुढची कितीतरी वर्षे मैदानावर माझा दरारा होता. मी आलो की लोक आपापली विमाने खाली उतरवून बघत उभे राहत. घरी परतल्यावर मात्र माझ्या पोटाखालून तेल ठिबके आणि बाई जुन्या चादरी अंथरत पुटपुटत, "बस बरी हो याच्यापेक्षा. ती निदान डेपोत झोपते."

मग ती दमट सकाळ आली. इंजिन काही केल्या सुरू होईना. मिस्त्री झटक्यावर झटके देत होते. शेवटी कंटाळून त्यांनी स्विच बंद केला, निदान तसे त्यांना वाटले, आणि पंखा सरळ करायला हात पुढे केला. इंजिन त्याच क्षणी धडधडून सुरू झाले. पंखा त्यांच्या उजव्या हातावर बसला.

हात वाचला. जखम भरली. पण दोन बोटे पुन्हा कधी नीट वाकली नाहीत. दवाखान्यातून आल्यावर बाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या, पण बोलल्या मिस्त्रींशी.

"विका नाही तर मोडा. पण या पंख्याला पुन्हा तुमचा हात लागलेला मला दिसता कामा नये."

मिस्त्रींनी मला विकलेही नाही आणि मोडलेही नाही. त्यांनी मला कारखान्याच्या छताला पट्ट्यांनी टांगून ठेवले. माझा जीव तेव्हापासून खरोखरच टांगणीला लागला. खालचे सगळे मला दिसे. मिस्त्री आता नुसते माप घेत आणि कामगारांना सांगत, इथे काप, तिथे घास. नाजूक कामाची छोटी करवत त्यांनी कपाटात वरच्या फळीवर टाकून दिली होती. कोणी कोरीव दार मागायला आले की म्हणत, "ते आता होत नाही." माझ्या पंखांवर भुसा साचत गेला. मैदानावरचे मित्र आधी विचारपूस करत, मग तीही थांबली.

एके दिवशी बाई मात्र पोरीसारख्या धावत आल्या. त्यांच्या डेपोत विजेच्या बस आल्या होत्या आणि प्रशिक्षण घेऊन त्यांना एक मिळाली होती.

"अहो, सुरू झालेली कळलीच नाही मला! परत परत बटण दाबत बसले. शेवटी शिकवणारे म्हणाले, बाई, ती केव्हाची तयार आहे, तुम्हीच निघा आता."

त्या हसत होत्या, पण मध्येच त्यांची नजर वर, माझ्याकडे गेली. चहाचा कप हातात तसाच राहिला.

"याच्या नाकात मोटर बसेल का हो?"

"मोटर?" मिस्त्रींनी नाक मुरडले. "त्याला विमान म्हणत नाहीत, टेबलफॅन म्हणतात."

"म्हणू देत टेबलफॅन. पण तो हाताने फिरवावा लागत नाही ना?"

मिस्त्रींनी आपल्या न वाकणाऱ्या बोटांकडे पाहिले. मग म्हणाले, "अगं, मी कानाने उडवतो. इंजिन कुठे दमलं, कुठे गुदमरलं, सगळं कानाला कळतं. आवाजच नसेल तर मला काय कळणार?"

"मीही बस कानानेच चालवायचे. आता बुडाखालून कळतं. शिकले ना मी? या वयात?"

त्या रविवारी मला खाली उतरवले. बाईंनी ओल्या फडक्याने माझे पंख पुसले तेव्हा मी पिवळा आहे हे मलाच आठवले. डेपोतला इलेक्ट्रिशियन सुट्टीच्या दिवशी आपले सामान घेऊन आला. त्याने आणि मिस्त्रींनी इंजिनाचे बोल्ट काढले. इंजिन नाकातून निघाले. खरे सांगतो, माझी सगळी ओळखच त्या गर्जनेची होती. तिच्याशिवाय मला कोण विचारणार?

इंजिनामागच्या प्लायवुडमध्ये तेल मुरलेले होते. तिथे काही चिकटेना. ती पाटी पुसून, घासून कोरडी करता करता नाकी नऊ आले. मग तिच्यावर चहाच्या मोठ्या कपाएवढी मोटर बसली. हे चालले असतानाच मैदानावरचे एक जुने मित्र डोकावले. त्यांचे औषधांचे दुकान होते आणि न मागता सल्ला द्यायची सवय, म्हणून सगळे त्यांना डोसकाका म्हणत.

"मिस्त्री, विमानाला मिक्सर बसवताय? झाकण तेवढं घट्ट लावा बरं का, छतावर उडेल सगळं!"

कामगार हसले. मिस्त्री हसले नाहीत. त्यांच्या मनातली शंकाच डोसकाकांनी बोलून दाखवली होती.

आणि मोठी अडचण पुढेच होती. मोटर इंजिनापेक्षा हलकी. पंखांखाली बोटे लावून मला उचलले की माझी शेपटी धप्पकन खाली जाई. नाक हलके आणि शेपटी जड असे विमान वर गेले की परत नीट येत नाही. उपाय एकच होता. जड बॅटऱ्या अगदी पुढे ठेवायच्या. पण पेट्रोलची टाकी होती ती जागा चहूबाजूंनी बंद, आणि बॅटऱ्या तर चार्ज करायला दर वेळी बाहेर काढाव्या लागणार. म्हणजे माझ्या पाठीत एक दार कापायला हवे होते.

मिस्त्रींनी पेन्सिलने चौकोन आखला आणि करवत बाईंपुढे धरली. "तू काप."

"मी? मी बस सरळ चालवते, करवत नाही."

"मग कामगाराला सांगतो."

"त्याने बनवलंय का हे?"

मिस्त्रींनी उजव्या हातात करवत धरली. ती दोनदा घसरली. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि निघून गेले. बाई माझ्याजवळ बराच वेळ बसून होत्या. मला वाटले, संपले. आता पुन्हा छत.

दुसऱ्या दिवशी कामगार येण्याआधीच कारखान्याचे दार उघडले. मिस्त्री एकटेच होते. या वेळी त्यांनी करवत डाव्या हातात घेतली होती. आधी लाकडाच्या टाकाऊ तुकड्यावर रेघ कापली. वाकडी. मग दुसरी, मग तिसरी. तुकड्यांचा ढीग झाला, कामगार आले, काम थांबवून बघत उभे राहिले, पण त्यांनी मान वर केली नाही. मग ते माझ्याकडे वळले. करवत इतकी हळू चालली होती की भुसा पडताना दिसत होता. चौकोन सुटला. मिस्त्रींनी त्याच्या कडेवरून डावा अंगठा फिरवला, थबकले आणि म्हणाले, "केसभर उंच आहे."

दारात बाई गणवेशात उभ्या होत्या. ड्यूटीला उशीर होत होता, तरी हलल्या नाहीत. डोळे पुसले आणि मगच गेल्या.

बॅटऱ्या पुढे बसल्या. बोटांवर उचलल्यावर मी तराजूच्या दांडीसारखा आडवा राहिलो. पहिली चाचणी पंखा काढूनच घेतली. वीज असो की पेट्रोल, पंखा चावतो तो चावतोच, आणि मोटर तर झटका न देताही फिरू शकते. म्हणून बाईंनी इलेक्ट्रिशियनकडून माझ्या कुशीत एक काढता-घालता येणारा लाल प्लग बसवून घेतला. तो लावल्याशिवाय मोटरला वीजच मिळत नाही. प्लग दोरीत ओवून त्यांनी आपल्या गळ्यात घातला. "माझ्या परवानगीशिवाय गाडी सुटणार नाही."

मग पंखा चढवला, माझी शेपटी जड टेबलाच्या पायाला बांधली आणि मिस्त्रींनी रिमोटवरची वेग वाढवायची काडी पुढे ढकलली. कारखान्यातला सगळा भुसा एका क्षणात उडाला! कागद, ढलप्या, एका कामगाराची टोपी, सगळे मागच्या भिंतीवर. टेबल करकरत एक वीत पुढे सरकले. मिस्त्री भुशाने पांढरे झाले होते आणि दात काढून हसत होते. "टेबलफॅन!" बाई ओरडल्या.

मैदानावरच्या वार्षिक मेळाव्याला आम्ही गेलो. डोसकाका, त्यांची मित्रमंडळी, बायकामुले, खूप गर्दी होती. बाईंनी प्लग लावला आणि बाजूला झाल्या. मिस्त्रींनी ताठ बोटांचा हात रिमोटवर ठेवला.

मी निघालो. गर्जना नाही, धूर नाही, नुसती एक खोल घरघर. चाके गवतावरून सुटली आणि मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदा वारा ऐकला! इतकी वर्षे आकाशात उडालो, पण माझ्याच पंखांवरून वाहणारा वारा मला कधी ऐकू आला नव्हता. मी सरळ वर चढलो, उलटा झालो, गोल फिरलो. खाली गर्दी तोंडात बोटे घालून बघत होती. आणि मिस्त्री चक्क बोलत होते. पूर्वी मी उडत असताना ओरडल्याशिवाय कोणाचे काही कोणाला कळत नसे.

"बघितलंस कसं वळलं?"

"बघितलं. सावकाश घ्या."

आता उतरायचे होते. मी खाली, आणखी खाली आलो, मोटर जवळजवळ थांबवलेली. आणि नेमके तेव्हाच डोसकाका, मान खाली घालून, हातात पाण्याची बाटली घेऊन, उतरण्याची पट्टी ओलांडू लागले. माझा आवाज त्यांना आलाच नाही.

"माणूस!" बाई किंचाळल्या.

मिस्त्रींचा अंगठा पुढे गेला. पेट्रोलचे इंजिन अशा वेळी खोकले असते, अडखळले असते, कदाचित बंदच पडले असते. पण मोटर विचार करत बसत नाही. काडी पुढे गेली त्याच क्षणी सगळी ताकद माझ्या नाकात आली. मी डोसकाकांच्या टोपीवरून वर झेपावलो. टोपी उडाली. डोसकाका मटकन गवतावर बसले. एक फेरी मारून मी इतका अलगद उतरलो की चाके टेकलेली मलाच कळली नाहीत.

मग टाळ्यांचा नुसता कडकडाट! लोकांनी मिस्त्रींना घेरले. डोसकाका गवत झटकत आले, दोघांचे हात हातात घेतले आणि म्हणाले, "मिस्त्री, वहिनी, चूक माझी होती. पण देवाशप्पथ, याला एक हॉर्न बसवा!"

हॉर्न नाही बसला, पण त्या दिवसापासून मैदानावर नियम झाला. विमान उतरत असले की एकाने पट्टीकडे बघत "उतरतंय!" अशी मोठ्याने हाक द्यायची. पुढच्याच महिन्यात डोसकाकांचे विमान मोटर बसवून घ्यायला आमच्या कारखान्यात आले. त्याच्या पाठीतले दार मिस्त्रींनी डाव्या हाताने एका दमात कापले. आता ते कोरीव दारांची कामेही घेतात, आणि गिऱ्हाइकाला सांगतात, "वेळ लागेल, पण होईल."

गेल्या आठवड्यात मैदान मोकळे होते. मिस्त्रींनी मला वर नेले, स्थिर केले आणि रिमोट बाईंपुढे धरला.

"घे. आता तू."

"मी? मोडलं म्हणजे?"

"मोडलं तर दुरुस्त करू. घे तर."

बाईंनी रिमोट घेतला. बसचे मोठे स्टिअरिंग फिरवणारे ते हात. आधी मी जरा डुललो. मिस्त्री त्यांच्या खांद्याशी उभे राहून हलक्या आवाजात सांगत होते, आणि त्यांना शब्द न् शब्द ऐकू येत होता. मग मी सरळ झालो आणि बाईंनी मला मैदानाच्या टोकाला वळवले, एखाद्या चौकात बस वळवतात तसे, मोठे आणि निश्चिंत. "अहो, हा तर ऐकतो माझं!" त्या ओरडल्या. त्या दिवशी मला खाली उतरवायची घाई कोणालाच नव्हती.

मित्रांनो, तुमच्याकडे असे विमान असेल तर त्याची काळजी घ्या. चाचणी घेताना पंखा काढून ठेवा. बॅटरी चार्ज होत असताना तिला एकटी सोडू नका, आणि फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नका. आणि एखादी जुनी वस्तू टाकून देण्याआधी, तिचे काय बिघडले यापेक्षा काय शाबूत आहे ते आधी बघा. माझे पंख शाबूत होते. फक्त कोणीतरी मला खाली उतरवायला हवे होते.