तेवीस नंबर, सध्या निळ्या जिन्याखाली

मोजणीदाराची नोकरी काही कायम झाली नाही. पण हे आपण ऐकलंच नाही असं धरून चालू. सोमवारी सकाळी मुख्य बाजारामागच्या त्या वस्तीत शिरताना त्याला तरी कुठे माहीत होतं? शुक्रवारपर्यंत बासष्ट घरांचे क्रमांक ओळीने लावून नकाशा द्यायचा, की नोकरी पक्की, असं साहेब म्हणाले होते.

पहिल्या दारावर सात, शेजारी एक्केचाळीस, समोर दोन. निळ्या जिन्याखाली तेवीस. तिथे एक मावशी शिवणयंत्र चालवत होती.

"मावशी, बावीस नंबर कुठे?"

"बावीस होय? तो लग्न झाल्यावर टाकीपाशी राहायला गेला."

"नंबर?"

"मग! माणूस जाणार आणि नंबर काय इथे रडत बसणार?"

इथे घर बदललं की लोक दारावरची पाटी काढून सोबत नेत. मोजणीदाराने कपाळावर हात मारला. पण तीन दिवस फिरता फिरता वस्ती त्याच्या अंगात भिनू लागली. सज्जे इतके जवळ, की या घरात शिंकलं की समोरच्या घरातून रुमाल यायचा. नऊ नंबरच्या घड्याळवाल्याकडे तीस घड्याळं, तीस वेळा. तरी सगळी गल्ली त्याला विचारूनच कामाला निघायची आणि वेळेवर पोचायची.

तरी नोकरी ती नोकरी. बुधवारी त्याने पाट्या उतरवून पोत्यात भरल्या आणि दारांवर रंगाने एक ते बासष्ट ओळीत लिहून काढले. आपला नंबर कुठे गेला ते तेवढं प्रत्येकाने बघून ठेवलं.

गुरुवारी दुपारी येऊन बघतो तर गल्लीभर कपाटं, पलंग, कुंड्या.

"नऊ नंबर तिकडे दिलात ना?" घड्याळवाला भिंतीवरचं घड्याळ कवटाळून म्हणाला. "मग मी इथे काय करू?"

"बघत काय उभा राहिलास?" मावशी ओरडली. "यंत्राची एक बाजू धर!"

त्याने धरली. संध्याकाळपर्यंत बासष्टच्या बासष्ट कुटुंबं आपापल्या नंबराच्या घरात राहायला गेली होती. नकाशात एक चूक उरली नाही.

शुक्रवारी तो सह्या घ्यायला आला. नव्या तेवीस नंबरात खिडकीसमोर भिंत होती. मावशी सुईत दोरा ओवत होती. चार वेळा चुकली.

"होईल रे सवय," ती म्हणाली. "तुझी नोकरी पक्की होतेय ना? मग झालं तर."

मोजणीदाराने नकाशाची घडी केली, खिशात कोंबली आणि यंत्राशी जाऊन वाकला.

"मावशी, धरा एक बाजू."

सगळी कुटुंबं जुन्या घरी परतली, उतरवलेल्या पाट्यांनी भरलेलं पोतं रिकामं झालं, दारांवरचा रंग पुसला गेला, आणि निळ्या जिन्याखालच्या उजेडात दोरा पहिल्याच फटक्यात सुईत गेला. तिथेच पायरीवर बसून त्याने अर्ज लिहिला:

"महोदय, प्रत्यक्ष पाहणीअंती सदर वस्तीतील क्रमांक बरोबर आढळले. सबब, उर्वरित शहराने आपापले क्रमांक त्यानुसार सात दिवसांच्या आत दुरुस्त करून घ्यावेत व तसा अहवाल तेवीस नंबर, सध्या निळ्या जिन्याखाली, येथे समक्ष सादर करावा, ही नम्र विनंती."