लोकरीचा दोरा

गबरू रेणुकाच्या अंगावर गेला त्याला घटकाही झाली नव्हती, आणि त्रिंबक कुऱ्हाडीचा दांडा घेऊन त्याच्यासमोर उभा होता.

“पिसाळलंय हे कुत्रं. सुनेला दात लागला न्हाई हे नशीब. सर बाजूला!”

बायनाबाई सरणारी नव्हती. वर्षभर या कुत्र्याने मेंढ्या राखल्या, लांडगा फिरकू दिला नाही, आणि एका गुरगुरण्यावर हा बाप्या त्याचा जीव घ्यायला निघाला! नवऱ्याकडे बघून तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

“तीन दिस मेंढरांतच बसून राह्यलंय. एकीला तरी फाडलं का? मानेला हात लावला की मंगच चवताळतंय. डोळे फुटले का तुमचे?”

तिने घोंगडं टाकून गबरूला दाबलं, चिंधीने तोंड बांधलं. तोंडाने त्रिंबकचा उद्धार चालूच होता. मग तिने मानेचे दाट केस बाजूला केले.

केसांखाली काळा दोरा मांसात रुतला होता, भोवती पू. पहिल्या कातरणीच्या लोकरीचा दोरा. दृष्ट लागू नये म्हणून तिनेच वळून बिरोबाच्या नावाने पिल्लाच्या गळ्यात बांधलेला. बिरोबाचा दोरा आपण तोडायचा नाही, झिजून पडू द्यायचा, असा तिच्या सासूचा नेम. कुत्रं वाढलं, दोरा वाढला नाही.

“कुणी बांधला व्हता?” त्रिंबकने विचारलं. मेल्याला सगळं माहीत होतं.

तिने मेंढ्यांची कातर घेतली, टोक दोऱ्याखाली घातलं आणि दोरा तोडला. गबरू बांधल्या तोंडाने केकाटला.

“मलाच फाडायचं व्हतं रे तू,” ती म्हणाली. स्वतःचा इतका राग तिला जन्मात आला नव्हता. “अंबडहून जनावराचा डाक्टर आणा, जल्दी!” ती नवऱ्यावर ओरडली.

दारात रेणुका तान्ह्या पोरीला घेऊन उभी होती. पोरीच्या पायात त्याच लोकरीचा दोरा होता. गेल्या आठवड्यात रेणुका म्हणाली होती, “आत्याबाई, पोरीला काचून राह्यलाय.” त्यावर बायनाबाई तिला दोन दिवस घालून पाडून बोलली होती.

आता रेणुकाने नुसता पोरीचा पाय पुढे केला.

बायनाबाईने कातर धुतली, पदराला पुसली.

“आण तिला इकडं,” ती खेकसली. “आन् माझ्याकडं बघू नको.”